दवाखान्यात "सोबत कोण आलंय?" विचारलं की तुम्ही काय सांगता? (सांगली-मिरज)

हरिपूर_वाट
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय. वाचनमात्र पाच-सहा वर्षं आहे, पण लिहायचं धाडस झालं नव्हतं, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ३६ वर्षांचा, सांगलीत विश्रामबागला राहतो. माझा जोडीदारही पुरुष आहे. नऊ वर्षं एकत्र राहतोय, घरमालकांना आत्ते-मामेभाऊ म्हणून सांगितलंय. घरी माझ्या बहिणीला माहीत आहे, बाकी कुणाला नाही.

अडीच महिन्यांपूर्वी शौचाच्या जागी दुखायला लागलं, रक्त पडायला लागलं. आठ दिवस इसबगोल, कोमट पाण्याचा टब, ताक असं सगळं घरचं केलं. मग मिरजेला गेलो, सांगलीत ओळखीचं कोण ना कोण बाकावर बसलेलं असतंच म्हणून. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला बरे वाटले. बद्धकोष्ठ आहे का, तिखट किती खाता, बसून काम आहे का विचारलं. मग मीच म्हटलं, डॉक्टर एक सांगायचंय, मी पुरुषाबरोबर राहतो, त्याचा काही संबंध असेल का. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा टक् आवाज अजून कानात आहे. खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, आधी एचआयव्ही, कावीळ सगळं करून आणा, मग बघू. टेबलावर झोपा म्हणालेच नाहीत. मी विचारलं, आत्ता दुखतंय त्याला काय देता का? तर म्हणाले, "असली कामं करताना नाही दुखलं का?"

बाहेर आलो. सिस्टरनं चिठ्ठी बघितली आणि कॉरिडॉरमध्ये हाक मारली, "एचआयव्हीवाला पेशंट कोण आहे, इकडं या." बाकावर वीसेक माणसं. त्यात माझा जोडीदार, एका हातात माझं हेल्मेट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मी पुढं व्हायच्या आधी तो उठून उभा राहिला.

आम्ही तडक बाहेर पडलो, पंढरपूर रोडपर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढलो नाही. मेडिकलमधून मलम आणतो. गेल्या चार दिवसांपासून एका बाजूला गाठ आल्यासारखी लागायलीय, बसवंना झालंय, ऑफिसात उभ्यानं काम करायलोय.

मला विचारायचं ते एवढंच की तुमच्यापैकी जे आमच्यासारखे आहेत ते डॉक्टरला खरं सांगतात का? सांगितलं तर हे असं, आणि नाही सांगितलं तर चुकीचं औषध मिळायची भीती. आणि तक्रार करून काय होतं का? कुणाला आपल्या भागातला चांगला सर्जन माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तात्या_विटेकर
वाचून वाईट वाटलं. सिस्टरचं वागणं चूकच. पण एक वडीलकीच्या नात्यानं सांगतो, राग मानू नका. डॉक्टरला हे सगळं सांगायची गरज काय होती? दुखतंय कुठं ते सांगायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं. घरातली गोष्ट उंबऱ्याच्या आत. सर्जनलाही बायकापोरं आहेत, त्यानं काळजी घेतली तर त्याचं काय चुकलं?

पोवईनाका
तात्या, राग मानत नाही पण सोडतही नाही. उंबऱ्याच्या आतली गोष्ट ना? मग माझं ऐका.

मी साताऱ्याची, ३१ वर्षांची, माझी जोडीदार मुलगी आहे. दर महिन्याला पोटात इतकं दुखायचं की दोन दिवस जमिनीवर झोपून काढायचे. लेडी डॉक्टरकडे गेले. पहिला प्रश्न, लग्न झालंय? नाही. झालं, तिथंच विषय संपला. फाइलवर "अनमॅरिड" लिहून खाली दोन रेघा मारल्या. आतून सोनोग्राफी करायची नाही कारण अनमॅरिड, मग दीड लिटर पाणी पिऊन बसा आणि वरून करा, वरून काही नीट दिसलं नाही. "लग्न झालं, एक मूल झालं की आपोआप थांबेल." हे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन वर्षांत. चौथीला मी धीर करून सांगितलं की बाई, मी अनमॅरिड आहे पण एकटी नाही, आतून तपासा, माझी परवानगी आहे. त्या बाई थोड्या गोंधळल्या पण तपासलं. एन्डोमेट्रिऑसिस निघालं (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), उजव्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ.

मी न सांगून तीन वर्षं काढली आणि धागाकर्त्यानं सांगून अडीच महिने काढले. दोन्हीकडून दुखणं आमच्याच वाट्याला. त्यामुळे "सांगायची गरज काय" हा प्रश्न मला विचारू नका, ऐकणाऱ्याला विचारा.

भडंग_पार्सल
मिरजेत एका पेशंटमागं आठ माणसं डबे घेऊन जिन्यात बसतात, चुलत सासऱ्याचा मेहुणा पण आयसीयूच्या दारात असतो, त्याला कोण नातं विचारत नाही. हेल्मेट धरून बसलेल्या एकट्या माणसाचंच सगळ्यांना पडलंय. हरिपूर, तुमच्या जोडीदाराला माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकोयना
मी जनरल सर्जन, कऱ्हाडला असतो. चर्चा नंतर, आधी धागाकर्त्यासाठी.

गाठ लागतेय, बसता येत नाही. ताप किंवा थंडी वाजून येते का? असेल तर ते गळू असायची दाट शक्यता आहे. आत पू साठतो, मलमानं जात नाही, गोळ्यांनी दबतो आणि परत येतो. चीर देऊन पू काढावा लागतो. उशीर झाला की तो आतून वाट करतो, त्यालाच भगंदर म्हणतात आणि ते किचकट काम आहे. आज नाहीतर उद्या दाखवा. व्यनि केलाय, सांगलीतल्याच एका सर्जनचं नाव दिलंय, मी स्वतः फोन करून ठेवतो.

आता सांगावं का. फिशर, म्हणजे शौचाच्या जागेला पडलेली चीर, बद्धकोष्ठानं कुणालाही होतं, बाळंतिणींना होतं. पण सिफिलिस, हर्पीस अशा संबंधांतून लागणाऱ्या रोगांच्या जखमा तिथं झाल्या तर कधीकधी फिशरसारख्याच दिसतात आणि उपचार पूर्ण वेगळा असतो. म्हणून सांगितलं तर आम्हाला मदतच होते, आणि सांगणाऱ्याला हाकलणं म्हणजे स्वतःच्याच हातानं डोळ्यावर पट्टी बांधणं. तात्या, तुमचा मुद्दा सर्जनच्या काळजीचा. नुसतं तपासायला हातमोजे पुरतात, रिपोर्टची वाट बघायची काही गरज नाही. ऑपरेशनआधी टेस्ट बरेच जण करतात, पण एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानं पेशंटची संमती घ्यायला लागते आणि ते गुप्त ठेवायला लागतं. कॉरिडॉरमध्ये ओरडणं हा नुसता उद्धटपणा नाही, तो कायद्याचा भंग आहे. आणि समजा एखाद्या पेशंटच्या रक्ताची सुई स्टाफला टोचलीच, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं, ते सरकारी दवाखान्यात मिळतं. काळजी घ्यायची म्हणजे हे माहीत असणं.

आमच्या पिढीचं खरं सांगतो. एमबीबीएसला पाच वर्षांत समलिंगी माणूस मला एकदाच भेटला, न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात, "अनैसर्गिक गुन्हे" या प्रकरणात. पेशंट म्हणून कुठंच नाही. मग तोच डॉक्टर ओपीडीत बसतो आणि समोर धागाकर्ता येतो. २०२१ ला मद्रास हायकोर्टानं कान उपटले तेव्हा राष्ट्रीय वैद्यक आयोगानं पुस्तकं सुधारा म्हणून कळवलं. तरी ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात ते सगळं परत आलं होतं, ओरड झाल्यावर आठवड्याभरात मागं घेतलं. हे शिकवणाऱ्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

हरिपूर_वाट
काल रात्री थंडी वाजली होती. मला वाटलं पावसात भिजलो म्हणून. व्यनि बघतो.

वॉर्ड_सात
मी स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली, सांगलीतच. धागा दोन दिवस वाचतेय आणि झोप लागत नाही म्हणून लिहितेय.

त्या सिस्टरच्या जागी मी होते. म्हणजे तीच नाही, पण तशीच. नोकरीला लागले तेव्हा आम्ही पॉझिटिव्ह पेशंटच्या खाटेला लाल चिठ्ठी अडकवायचो, सांगणारं कोण नव्हतं की हे करू नका. एकदा एक जोगता (यल्लम्माच्या नावानं सोडलेला) आला होता, पायाला गँगरीन झालेलं. साडी नेसलेला, कपाळाला भंडारा. पुरुष वॉर्डात बाकीचे पेशंट ठेवू देईनात, बायकांच्या वॉर्डात आम्ही घेईना. तीन रात्री व्हरांड्यात, ट्रॉलीवर. ड्रेसिंगला मी दोन-दोन ग्लोव्हज घालायचे आणि त्याच्या समोरच नाक मुरडून काढायचे. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, ताई, वास येतोय मला पण कळतंय, लवकर उरका. एवढंच. मला त्याचं नाव आठवत नाही आणि ते फार लागतं मनाला.

नंतर ट्रेनिंग झालं तेव्हा कळलं, काळजी सगळ्याच पेशंटची सारखी घ्यायची असते, प्रत्येकाचं रक्त धोक्याचं समजून ग्लोव्हज प्रत्येकाला. एकाला दोन आणि दुसऱ्याला उघडा हात, ही काळजी नव्हेच. आता नवीन मुली येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हे सांगते, आणि हाक मारायची ती नावानं, आजारानं नाही.

हरिपूर दादा, तुमची माफी मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

पिंपळाचा_पार
सिस्टर, तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत.

मी तासगाव भागातली, ट्रान्स बाई आहे. आमच्याकडं मंगळवारी-शुक्रवारी यल्लम्माची परडी घेऊन जोगते दारात आले की बायका सुपातून जोंधळे वाढतात, पाया पडतात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतात. तीच बाई ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली उठून जाते. दारात आशीर्वाद चालतो, बाकावर मांडी चालत नाही.

माझा त्रास केसपेपरपासूनच सुरू होतो. खिडकीवरचा माणूस आधारवरचं जुनं नाव स्पीकरवर पुकारतो आणि मी साडीत उभी राहते, मग अख्खी रांग वळून बघते. एकदा नुसता ताप होता, डेंग्यूची टेस्ट करायची होती, तर डॉक्टरनं आधी विचारलं ऑपरेशन झालंय का, मग विचारलं दाखवता का. तापाशी त्याचा काय संबंध? २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं आम्ही माणसं आहोत, २०१९ ला कायदा झाला, ओळखपत्र काढलं तेव्हा जरा सोपं झालं, निदान केसपेपरवर नाव तरी बरोबर येतं. पण कार्ड दाखवलं की तो खिडकीवाला ते शेजारच्याला दाखवतो.

तरी सांगलीत बरं म्हणायचं. इथं "संग्राम" संस्थेचं काम १९९२ पासून आहे, त्यामुळं सोबत यायला, भांडायला माणूस मिळतो. एकट्यानं जाऊ नका, हा माझा सल्ला. दोघं गेलात की आवाज खाली येतो समोरच्याचा.

गणपतीपेठ
जरा अवांतर, पण राहवत नाही. आमच्या मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. गेल्या वर्षी एका पोरानं फॉर्म भरताना खरं लिहिलं, तर त्याला बाजूला काढलं. पोरगं मंडपाची दोरी ओढायला सगळ्यात पुढं असतं. हा कुठला नियम?

कृष्णाकोयना
नियम आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, त्यात ट्रान्स व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध असलेले पुरुष कायमचे वगळलेत. त्याविरुद्ध २०२१ ला सुप्रीम कोर्टात याचिका झालीय. प्रत्येक पिशवी तपासली जातेच, तेव्हा माणसाच्या ओळखीपेक्षा त्यानं अलीकडं काय धोका पत्करलाय ते प्रत्येकाला विचारावं असं माझं मत. आमच्यातले बरेच डॉक्टर सहमत नाहीत, तेही सांगतो.

गणपतीपेठ
धन्यवाद डॉक्टर. त्या पोराला यंदा रक्तगट तपासणीच्या टेबलावर बसवतो, बाजूला उभा राहायला नको त्यानं.

कोरेगावची_आई
मी फार लिहीत नाही इथं. माझं वय ५८. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१६ साली माझ्या मुलानं मला सांगितलं, तेव्हा तो १९ चा. मी रडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन साताऱ्याला एका समुपदेशकाकडे गेले. मीच नेलं. त्याचे वडील नव्हे, मी. ते म्हणाले बरा होईल, बारा बैठका लागतील. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं जायचो. मी बाहेर बसून स्तोत्र म्हणायचे. त्यांनी त्याच्या मनगटाला रबर बांधायला सांगितलं होतं, मनात तसा विचार आला की ओढून सोडायचा. मे महिन्यात पोरगं फुल शर्ट घालायला लागलं. मला वाटलं कॉलेजची फॅशन असेल. एकदा भाकरी करताना त्याला पीठ मळायला सांगितलं, त्यानं बाह्या वर केल्या नाहीत. मी ओढून वर केल्या. दोन्ही मनगटांना काळेनिळे पट्टे.

त्या दिवसापासून नेणं बंद केलं. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच हा आजार नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे माझा मुलगा जन्मायच्या आधी. आणि मी २०१६ ला त्याला बरं करायला नेत होते, आणि पैसे घेणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तो आता पुण्यात असतो. फोन रोज करतो. पण आजारी पडला की मला सांगत नाही, आणि डॉक्टरकडे जायचं टाळतो, साधा दात दुखला तरी. तो टाळतो ते माझ्यामुळं. हरिपूर, बाळा, तू माझ्या मुलापेक्षा मोठा आहेस, पण सांगते, त्या एका माणसासाठी स्वतःचं शरीर पणाला लावू नकोस.

पोवईनाका
काकू, तुम्ही बाह्या वर केल्यात. माझ्या आईनं अजून केलेल्या नाहीत.

पेठनाका_वकील
तक्रारीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. कोरेगावच्या आईंना आधी सांगतो, २०२२ पासून असले "बरं करण्याचे" उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगानं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. आणि मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय.

धागाकर्ते, पहिली गोष्ट कागद. केसपेपर, बिल, ती टेस्टची चिठ्ठी, काय असेल ते जपून ठेवा. कागद दवाखान्याकडं असतील तर लेखी मागा, डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. एचआयव्हीवरून जे झालं त्यासाठी वेगळी वाट आहे, वीस किंवा जास्त माणसं काम करत असतील तर त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलेला असावाच लागतो. शिवाय २०२१ पासून महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी भिंत बघा, नसेल तर तोही मुद्दा लिहा. निकाल लगेच लागेल असं सांगून तुम्हाला फसवणार नाही, वर्ष जातं. पण कागदावर नोंद झाली की दुसऱ्या पेशंटच्या वेळी टोपण लावायच्या आधी तो विचार करेल.

आणि सह्यांबद्दल. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर ऑपरेशनला त्याची स्वतःची संमती लागते, नातेवाइकाची सही ही दवाखान्याची रीत आहे. २००८ साली सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात आईनं दिलेली संमतीसुद्धा मानली नव्हती, पेशंट बाई सज्ञान होती म्हणून. तेव्हा "रक्ताचं नातं असलेलं कोण आहे का" म्हणून अडवलं तर शांतपणे सांगा, पेशंट मी आहे, सही मी करतो.

तात्या_विटेकर
वकीलसाहेब, हे सह्यांचं मला पण माहीत नव्हतं. माझ्या बायपासला पोरगा नाशिकवरून येईपर्यंत थांबवून ठेवलं होतं.

हरिपूर_वाट
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, उशीर झाला, आडवं पडून टाइप करायलोय.

त्या रात्री १०२ ताप चढला. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्जनकडं सकाळी सातला गेलो. पिंपळाचा पार, तुमचं ऐकलं, एकटा गेलो नाही, आम्ही दोघं आणि बहीण पण तासगावहून आली. सर्जन बाहेर आल्या (हो, बाई आहेत), म्हणाल्या दोघंही आत या. मी आधीच सांगून टाकलं सगळं, एका दमात, मिरजेचं पण. त्यांनी लिहून घेतलं, मान वर न करता विचारलं, शेवटची टेस्ट कधी केली होती, आता परत करू का, चालेल का. चालेल का, असं विचारलं. मग तपासलं, दोन मिनिटांत. गळूच होतं. दुपारी भूल देऊन पू काढला. म्हणाल्या अडीच महिन्यांपूर्वी नुसतं फिशर असणार, ते तेव्हाच बघितलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. आता भगंदराची वाट पडलीय का ते सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय करून बघायचं.

ॲडमिटच्या फॉर्मवर "रुग्णाशी नाते" असा रकाना होता. खिडकीवरच्या मुलीनं याला विचारलं, हा सवयीनं "भाऊ" म्हणाला. मी व्हीलचेअरवर होतो, म्हटलं ताई, जोडीदार लिहा. ती म्हणाली, जोडीदार म्हणजे धंद्यातला? मी म्हटलं नाही, घरातला. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि लिहिलं. "जोडीदार (घरातला)", कंसासकट. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

वकीलसाहेब, ती चिठ्ठी याच्या पाकिटात होती, त्यानं टाकली नव्हती. तक्रारीचा मसुदा करायलोय, तुम्हाला दाखवतो.

वॉर्ड सात सिस्टर, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. रात्रपाळीला जी नर्स होती तिनं ड्रेसिंग करताना माझं नाव घेऊन विचारलं, दुखतंय का, थांबू का. तुम्हीच शिकवलेली असेल कदाचित.

तात्या_विटेकर
तब्येत जपा. तिखट बंद करा महिनाभर. बाकी मी जुन्या विचारांचा माणूस, सगळं एकदम पटतं असं नाही. पण माणूस दुखतंय म्हणून आलाय आणि त्याला हात लावला नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. माझं पहिलं म्हणणं मी मागं घेतो.

कोरेगावची_आई
हा धागा मुलाला पाठवला. त्यानं वाचलाय असं दोन निळ्या खुणांवरून दिसतंय. अजून उत्तर नाही.

माणदेशी_एकटा
नवीन खातं आहे, आजच काढलं. मी जत तालुक्यातला. मला पण दीड वर्षापासून त्रास आहे, कुठंच दाखवलेलं नाही. त्या सर्जनबाईंचं नाव मिळेल का? सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो तर साडेदहापर्यंत सांगलीत पोचतो. सोबत यायला कोण नाही.

पिंपळाचा_पार
व्यनि बघा. स्टँडवर मी थांबते, हिरवी साडी.